आधी भिंत, मग डबा: महाड-पोलादपुरात पेंटर कसा घडतो

महाड-पोलादपूर भागात घराला रंग काढायचा विषय निघतो तो श्रावणात. गणपती तोंडावर आलेले, मुंबईचे चाकरमानी येणार, आणि ओटीवरच्या भिंतीवर झडीचे काळे ओघळ उतरलेले. मग पेंटरची शोधाशोध सुरू होते. या धंद्यातली पहिली पंचाईत इथेच आहे: गिऱ्हाइकाला रंग हवा असतो तेव्हा भिंतीला तो नको असतो. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. त्या दिवसांत विटांची असो, चिऱ्याची असो, बाहेरची भिंत आतून ओली असते. वरून कोरडी दिसली तरी.

म्हणून या दोन तालुक्यांत ज्याला पेंटर व्हायचंय त्याचं शिक्षण ओलीपासून सुरू होतं. घाटावरचा पेंटर एखाद्या भिंतीची ओल बघायला विसरला तरी निभावून नेईल. महाडात ती चूक पुढच्या पावसात पोपड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि गाव लहान असल्यामुळे पोपडे कोणाच्या कामाचे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बहुतेक पेंटर आजही मिस्त्रीच्या हाताखालीच तयार होतात. पोरगा दहावीनंतर मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या जोडीने कामावर जायला लागतो. पहिले काही महिने तो बिगारी: सामान हलवायचं, फरशीवर जुनी चादर अंथरायची, स्विचबोर्डांवर कागद चिकटवायचा, जुना रंग पत्तीने खरवडायचा, पुट्टी घासायची, संध्याकाळी ब्रश धुऊन ठेवायचे. घासकाम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत जास्त शिकवणारं. भिंतीतला उंचवटा डोळ्यांच्या आधी तळहाताला कळायला लागतो तो याच दिवसांत. मग प्रायमरचा रोलर हाती येतो, कारण प्रायमर मारताना झालेलं वेडंवाकडं काम पुढच्या हातांखाली झाकलं जातं. त्यानंतर छत, मग भिंती, आणि शेवटी कटिंग: छत आणि भिंतीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीच्या कडेने, टेप न लावता ब्रशने सरळ रेघ ओढत नेणं. ज्याचं कटिंग सरळ त्याला कारागिराचा रोज, बाकीचे हेल्पर. दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट त्याहूनही उशिरा देतात. त्यात ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो, आणि ओघळ आला तर तो वाळून कायमचा बसतो.

या पद्धतीत हात फार चांगला तयार होतो. पण बहुतेक मिस्त्री 'असं कर' एवढंच सांगतात. का, ते त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे एका प्रकारच्या भिंतीवर दहा वर्षं काढलेला माणूस वेगळी भिंत समोर आली की अडतो. तेव्हा आधी हे 'का' पाहू.

नव्या घरापासून सुरुवात करू. सिमेंटचा गिलावा झाला की आठवडाभर त्यावर पाणी मारतात आणि मग भिंत वाळायला सोडतात. रंगासाठी २८ दिवस थांबा असं सगळेच सांगतात. तो हिशोब सिमेंटला ताकद यायला लागणाऱ्या दिवसांवरून आलेला आहे. वाळण्याचा हिशोब हवेवर असतो. फेब्रुवारीत झालेला गिलावा महिन्याभरात तयार होईल, मेअखेरीस घाईघाईने उरकलेला दसऱ्यापर्यंतही होणार नाही. दुसरी गोष्ट अल्कलीची. ताज्या सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो. ऑइलपेंटमधल्या तेलाशी ओलसर जागी त्याची गाठ पडली की तेलाचा साबण होतो, अगदी शब्दशः, आणि रंग चिकट होऊन सुटतो. नव्या भिंतीवर थेट ऑइलपेंट मारू नये आणि अल्कली सोसणारा प्रायमर वापरावा, या दोन्ही नियमांचं मूळ हे.

भिंत वाळली की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, भिंतीवर सपाट धरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरला असेल किंवा खालची भिंत काळपट पडली असेल, तर भिंतीतून अजून पाणी येतंय. थांबायचं. दोन सुयांचं ओलावामापक यंत्रही मिळतं, पण भिंतीत खार असला की ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, आणि आपल्याकडच्या जुन्या भिंतींत खार नसणं दुर्मीळ.

जुन्या घरात ओल दिसली की पहिला प्रश्न: ती येते कुठून? डागाच्या आकारावरून बरंच कळतं. जोत्यापासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत भिंतभर आडवा पट्टा असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. नैर्ऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवरच डाग असतील तर ती झड आहे, बाहेरच्या गिलाव्याच्या बारीक तड्यांतून आत शिरलेली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तिरपे उतरलेले डाग म्हणजे छज्जा किंवा खिडकीची चौकट गळतेय. आणि बारा महिने, उन्हाळ्यातही न वाळणारा गोल डाग बहुधा आतल्या पाइपाचा. यातल्या एकाही दुखण्यावर आतून मारलेला रंग इलाज नाही. पेंटरने हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं असतं, आणि ते सांगायला धीर लागतो. कारण गिऱ्हाईक म्हणतं, 'तुम्ही मारा हो, वॉटरप्रूफ मारा.'

लोणा लागलेल्या भिंतीवर तर हमखास चूक होते. पाणी भिंतीतून बाहेर येताना विरघळलेला खार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि खार पांढऱ्या भुकटीसारखा वर राहतो. तो पाण्याने धुतला की पुन्हा विरघळून आतच जातो. कोरड्या ताठ ब्रशने झाडून काढायचा, भुकटी खाली पडू द्यायची, झाडून उचलायची, काही दिवसांनी पुन्हा बघायचं. दोन-तीनदा झाडल्यावर खार यायचा थांबला तर पुढे जायचं. थांबला नाही तर पाण्याची वाट अजून उघडी आहे.

पुट्टीबद्दलही थोडं. सफेद सिमेंटची पुट्टी आणि ॲक्रिलिक पुट्टी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दुकानात त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. सिमेंटच्या पुट्टीला भिंत थोडी ओलसर करून घ्यावी लागते, ती थेट गिलाव्यावर बसते, बाहेरूनही चालते. पाणी घालून कालवली की दोन-तीन तासांत घट्ट होते, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी संपेल तेवढीच कालवायची. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून चालवणारे पेंटर खूप आहेत. ती पुट्टी पुढे भुकटी होऊन सुटते. ॲक्रिलिक पुट्टी तयार मिळते, तिला खाली प्रायमर लागतो आणि ती फक्त आतल्या भिंतीसाठी. बाहेर लावली की पहिल्या पावसात फुगते. दोन्हींचा एकूण थर पातळच हवा, दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास. त्याहून खोल खड्डा असेल तर तो गिलाव्याने भरायचा, पुट्टीने नाही.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर हात फिरवला की तळहात पांढरा होतो. तशा भिंतीवर प्लास्टिक इमल्शन मारलं तर ते भिंतीला न चिकटता चुन्याच्या भुकटीला चिकटतं आणि वर्षभरात सालीसारखं निघतं. चुना खरवडून काढायचा किंवा चुनाच मारायचा, मधला मार्ग नाही. दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटची काळजी वेगळी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको असा नियम देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे जुने थर कोरडे घासले तर शिशाची धूळ घरभर होते, आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला-तोंडाला लागते. असे थर वॉटर पेपरने ओले घासायचे, लगदा गोळा करून पिशवीत भरायचा, तोंडाला मास्क लावायचा.

महाडला २०२१ सालच्या पुराने पेंटरांची जेवढी परीक्षा घेतली तेवढी कुठल्या कोर्सने घेतली नसेल. २२ जुलैला महाबळेश्वरच्या डोंगरावर २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला आणि सावित्री-गांधारीचं पाणी महाड शहरात घुसलं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली. त्या दिवसांत रंगाचा विचार कोणाच्या मनाला शिवणंही शक्य नव्हतं. पण गणेश चतुर्थी त्या वर्षी १० सप्टेंबरला होती. पुरापासून बरोबर ५० दिवस, आणि मधले सगळे दिवस पावसाचे.

पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंतीचं काय करायचं? गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा, कारण वाळला की तो सिमेंटइतका घट्ट धरतो. त्यानंतरचं काम ऐकायला उलटं वाटतं: पुराच्या खुणेपर्यंतचा ऑइलपेंट आणि प्लास्टिक रंग खरवडून काढायचा. तो थर पाणी आत कोंडून ठेवतो. भिंत उघडी पडली की वाळायला लागते. काळी-हिरवी बुरशी आली असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायची, दारं-खिडक्या उघडी ठेवून आणि हातमोजे घालून. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. आणि मग गणपतीपुरता चुना. मला विचाराल तर पुरानंतरच्या पहिल्या वर्षी याहून शहाणपणाचा रंग नाही. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, पाणी त्यातून बाहेर पडतं, त्याच्या अल्कलीमुळे बुरशी लवकर धरत नाही आणि खर्चही कमी. खरा रंग पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, चुना खरवडून आणि प्लास्टिक चिकटवून ओलीची परीक्षा घेऊन.

इथवर घराचं झालं. पण महाडच्या पोराला एक वाट जास्त आहे, ती बिरवाडीकडे जाते.

बिरवाडीजवळच्या महाड एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. रसायनांच्या वाफा आणि कोकणातली दमट हवा एकत्र आली की लोखंड बघता बघता गंजतं. टाक्या, पाइपांचे रॅक, जिने, कठडे, शेडचे खांब, सगळ्यांना ठरावीक काळाने रंग लागतोच. याला कारखान्यात मेंटेनन्स पेंटिंग म्हणतात आणि घरच्या रंगकामातला उस्ताद इथे पहिल्या दिवशी बिगारीच असतो. कारण इथे काम डोळ्यांनी पास होत नाही, मोजून होतं.

पहिलं मोजमाप सफाईचं. हाताने वायर ब्रश मारणं, यंत्राच्या ब्रशने घासणं आणि हवेच्या दाबाने खडी मारून गंज उडवणं या तिन्हींना दर्जे ठरलेले आहेत. त्यांची छायाचित्रांची पुस्तिका असते, आयएसओ ८५०१-१ या मानकाची. खडी मारण्याच्या, म्हणजे ब्लास्टिंगच्या, कामात सगळ्यांत जास्त मागितला जाणारा दर्जा एसए २½, म्हणजे लोखंड जवळजवळ पांढरं, फिकट डागांपुरता माग उरलेला. सुपरवायझर पुस्तिका लोखंडाशेजारी धरून बघतो. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरू नये; तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला औषध नाही.

दुसरं मोजमाप थराच्या जाडीचं, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा वाळलेला थर ७५ मायक्रॉनचा हवाय आणि डब्यावर घनभाग ५० टक्के लिहिलाय. उरलेला अर्धा भाग थिनर, तो उडून जाणार. म्हणजे ओला थर १५० मायक्रॉनचा मारावा लागेल. हे मारताना कसं कळणार? खिशात मावणारी एक दातेरी पट्टी असते. मधले दात उतरत्या उंचीचे, प्रत्येकावर आकडा. ती ओल्या रंगात काटकोनात टेकवायची आणि उचलून बघायचं: शेवटचा कुठला दात भिजला आणि पुढचा कुठला कोरडा राहिला. १५० भिजला, १७५ कोरडा, तर काम बरोबर. एखाद्या रविवारी घरी पत्र्याच्या तुकड्यावर ब्रश आणि ही पट्टी घेऊन बसलं तर हाताला दीडशे मायक्रॉन म्हणजे किती भार, हे संध्याकाळपर्यंत कळतं. कारखान्यात हे शिकायला कोणी वेळ देत नाही.

तिसरं मोजमाप हवेचं, आणि कोकणात हेच सगळ्यांत महत्त्वाचं. नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असली तर रंग नको, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७.२ येतो. लोखंड हवेइतकंच, ३० अंश असलं, तर फरक २.८. थोडक्यात हुकलं. हिवाळ्याच्या सकाळी तर लोखंड रात्रभर थंड होऊन हवेपेक्षाही गार पडलेलं असतं, आणि डोळ्यांना न दिसणारा दवाचा पापुद्रा त्याच्यावर असतो. त्यावर मारलेला इपॉक्सी रंग छान दिसतो आणि काही महिन्यांत चादरीसारखा सोलून निघतो. म्हणून जाणता ठेकेदार डिसेंबरातही नऊ-दहाच्या आधी डबा उघडू देत नाही आणि त्या वेळात घासकाम उरकून घेतो.

इपॉक्सी आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे दोन डब्यांचे रंग, एकात बेस आणि दुसऱ्यात हार्डनर. मिसळले की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत संपले नाहीत तर डब्यातच दगड होतात. प्रमाण डब्यावर दिलेलं असतं आणि तिथे अंदाज चालत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. साध्या धुळीच्या मास्कचा तिथे उपयोग नाही, कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो, फवाऱ्याला तर हवा पुरवणारा. टाकीच्या आत रंग मारायचा असेल तर तपासणी आणि लेखी परवान्याशिवाय आत उतरता येत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको, बाहेर एक माणूस सतत उभा हवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टाकीच्या तळाशी साचते, जिथे पेंटर बसलेला असतो. परवाना नसेल तर नाही म्हणायचं. रोज बुडाला तरी चालेल.

पाइपांचे रंगही उगाच निवडलेले नसतात. भारतीय मानक आयएस २३७९ प्रमाणे पाण्याच्या पाइपाला समुद्री हिरवा, वाफेला चंदेरी, हवेला आकाशी, वायूला पिवळा आणि ॲसिडला गडद जांभळा. आग लागल्यावर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे त्या रंगावरून ठरतं. एकदा हे पाठ झालं की कारखान्यात शिरताच डोक्यावरून काय वाहतंय ते कळायला लागतं.

आता कागदाचं शिक्षण. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आठवी पास मुला-मुलींना त्याला बसता येतं. त्यात लाकूड, भिंत आणि धातू या तिन्हींची तयारी, ब्रश आणि स्प्रे, अक्षरलेखन, स्टेन्सिल, गाड्यांचं रंगकाम असं सगळं येतं. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे अर्ज भरताना जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या सगळ्या संस्थांची यादी उघडून बघावी. घराजवळचीच संस्था हवी म्हणून भलताच ट्रेड घेणारी मुलं दरवर्षी दिसतात. जर्मनीत हाच धंदा शिकायला तीन वर्षांची उमेदवारी लागते, तेव्हा दोन वर्षं फार आहेत असं कोणी म्हणू नये.

उमेदवारीची सोय आपल्याकडेही आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. आताच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि ही संख्या मोजताना ठेक्यावरचे कामगारही धरतात. म्हणजे एमआयडीसीतले मोठे कारखाने यात येतात. विद्यावेतन मिळतं, त्याचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. पेंटरची जागा जाहिरातीत दिसली नाही तरी मेंटेनन्स विभागात जाऊन विचारायला हरकत नाही.

रंगकंपन्या स्वतःच्या अकॅडमीत काही दिवसांचे छोटे कोर्स घेतात. टेक्श्चर, वॉटरप्रूफिंग, लाकडाचं पॉलिश, यंत्राने घासणं, हे तिथे नीट शिकवतात आणि पेंटरला खर्च थोडा. जरूर करावेत, फक्त शिकवणारा शेवटी स्वतःचा माल विकतोय एवढं ध्यानात ठेवावं. डब्यात निघणाऱ्या, पेंटरला पैसे मिळवून देणाऱ्या टोकनाचंही तेच. पेंटर अमुकच कंपनीचा आग्रह का धरतो, याचं उत्तर कधी कधी झाकणाखाली असतं. गिऱ्हाइकांनाही हे आता माहीत झालंय, त्यामुळे टोकनाचं आधीच उघड बोलून घेतलेलं बरं.

हाताखाली शिकलेल्यांनी दोन कागद तरी करावेतच. पहिला, आधीच्या अनुभवाला मान्यता देणारं कौशल्य प्रमाणपत्र. थोड्या दिवसांची उजळणी आणि परीक्षा असते. दुसरा, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गावात या नोंदणीची चर्चा बहुधा तिच्यावर मिळणाऱ्या पेटी आणि भांड्यांच्या संचापुरतीच होते. मुलांची शिष्यवृत्ती आणि अपघाताचं साहाय्य हे त्यातलं खरं मोलाचं, आणि परांचीवर उभं राहणाऱ्याने ते सोडू नये. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, सुतार आहे, पेंटर मात्र नाही. तिथे हेलपाटे घालू नयेत.

बायकांचं एक सांगायला हवं. गावाकडे भिंती सारवणं, चुना काढणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केलंय. त्याचे पैसे मिळायला लागले तेव्हा ब्रश पुरुषाच्या हाती गेला आणि बाई कमी रोजावर घासकामाला उरली. कटिंगला ताकद लागत नाही, स्थिर हात लागतो. आतल्या खोल्यांचं काम अंगावर घेणारी बायकांची टोळी या भागात उभी राहिली तर तिला गिऱ्हाईक मिळेल असं मला वाटतं.

काम उक्तं घ्यायची वेळ आली की हिशोब आला पाहिजे. खोली १० बाय १२, उंची १०. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७ चं २१ आणि खिडकी ४ बाय ४ ची १६ वजा केली की ४०३. छत १२०. एकूण ५२३. डब्यावर दोन हातांना लिटरमागे ७० चौरस फूट लिहिलं असेल तर साडेसात लिटर. पण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा. खरबरीत बाहेरच्या भिंतीवर बराच कमी भरतो. दर सांगताना फक्त मजुरी की मालासह, पुट्टी धरून की सोडून, घासकामाचे हात किती, परांचीचे पैसे कोणाचे, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. एका खोलीला लागणारा सगळा रंग एकदम आणावा आणि दुकानातल्या यंत्रावर वेगवेगळ्या दिवशी बनवलेले डबे एकत्र मिसळूनच वापरावेत. झाकणावरचा शेडचा स्टिकर जपून ठेवायचा; तीन वर्षांनी टचअप करावा लागला तर तोच कामाला येतो.

वर्षाचं गणित मग असं बसतं. दसरा ते मे बाहेरच्या भिंती आणि कारखान्यातलं लोखंड. मेमध्ये लग्नसराई आणि आगोटीची घाई, छज्जे-गच्च्यांचे तडे भरून घ्यायचे. पावसात आतली कामं, दारं, फर्निचरचं पॉलिश, तेही हवा बघून. आणि पावसातलेच रिकामे दिवस कोर्सला, परीक्षेला, कागदपत्रांना. पुढे वाढायचं असेल तर कोटिंग इन्स्पेक्टरची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. एएमपीपी ही संस्था, जी २०२१ मध्ये नेस आणि एसएसपीसी एक होऊन झाली, ती घेते. फी मोठी आणि शिकवणं इंग्रजीत, पण आखाती देशांतल्या आणि रिफायनरींच्या कामांवर तिला मान आहे. मायक्रॉनची पट्टी आणि दवबिंदूचा तक्ता चार वर्षं वापरलेल्या माणसाला त्यातलं निम्मं आधीच येत असतं.

सुरुवातीच्या हत्यारांवर फार खर्च नको. दोन पत्त्या, एक रुंद आणि एक अरुंद. चांगल्या केसांचे दोन ब्रश, चार इंची भिंतीला, दोन इंची कटिंगला. स्वस्त ब्रशचे केस रंगात सुटतात आणि वेचण्यात दिवस जातो. नऊ इंची रोलर आणि लांब दांडी. वायर ब्रश, घासायचा ठोकळा, वेगवेगळ्या नंबरांचे पेपर. चष्मा, कोळशाचा मास्क, परांचीसाठी पट्टा. शिडी लाकडाची किंवा फायबरची घ्या, ॲल्युमिनियमची नको, कारण वाडीवस्तीत घरावरून विजेच्या तारा हाताच्या अंतरावरून गेलेल्या असतात. चार फूट उंचीला पायथा भिंतीपासून एक फूट पुढे, या मापाने ती टेकवायची. स्प्रे मशीन पहिल्या दोन वर्षांत विकत घेऊ नका, मोठ्या कामापुरतं भाड्याने मिळतं.